मॅकार्थी, अलास्का: हिमनदीच्या शेजारच्या गावात राहायला जायचंय? मग प्लॅनिंग असं करा

अलास्का म्हटलं की आपली बरीच मंडळी क्रूझ घेतात, नाहीतर अँकरेज, सिवर्ड, डेनाली असं फिरून येतात, आणि ते छानच आहे. पण ज्यांना ग्लेशियर बोटीतून लांबून बघायचं नाहीये, त्यावर चालायचंय, आणि रात्री त्याच्या शेजारीच मुक्काम करायचाय त्यांनी मॅकार्थी आणि त्याच्या वरच्या अंगाला असलेलं केनेकॉट बघावंच, असं मी भेटेल त्याला सांगत असते. आणि मग प्रत्येक जण तेच तेच प्रश्न विचारतो, की गाडी जाते का, आई-बाबांना झेपेल का, व्हेज मिळेल का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी जागा कुठे आहे ते बघा. रँगल-सेंट इलायस हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं नॅशनल पार्क, १९८० साली झालेलं, साधारण ५३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राचा सहावा हिस्सा धरा. एवढ्या मोठ्या पार्कात आत जाणारे रस्ते फक्त दोन, दोन्ही कच्चे, आणि त्यातला एक मॅकार्थीला जातो. तोही गावात जात नाही, नदीपाशी संपतो, पुढे पायी पूल ओलांडायचा. पार्कला एंट्री फी नाही, गेट नाही, कुणी अडवत नाही. पण पेट्रोल पंप नाही, दवाखाना नाही, मोठं दुकान नाही, विजेची लाइन पण गावात आलेली नाही, लोक सोलर आणि जनरेटरवर राहतात. हिवाळ्यात मोजकी माणसं उरतात.

आधी रात्री मोजा, मग खोली, मग गाडी, विमान सगळ्यात शेवटी

आपण नेहमी उलटं करतो, स्वस्त तिकीट दिसलं की घेऊन टाकतो आणि मग हॉटेल शोधतो. इथे ते चालत नाही कारण दोन्ही ठिकाणं मिळून राहायच्या जागा अगदी थोड्या आहेत आणि सीझन जेमतेम मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जून-जुलैच्या खोल्या लोक हिवाळ्यातच बुक करून ठेवतात. म्हणून आधी खोलीच्या तारखा पक्क्या करा आणि मगच अँकरेजचं तिकीट काढा.

किती रात्री? माझं ठाम मत, मॅकार्थी-केनेकॉटला कमीत कमी तीन. अँकरेजहून एका बाजूचा प्रवास साधारण ३१५ मैल, म्हणजे ५०० किलोमीटर, आणि त्यातले शेवटचे ६० मैल कच्चा रस्ता. काही लोक सकाळी वाटेतल्या ग्लेनॲलन गावाहून निघून संध्याकाळी परत यायचा बेत करतात, मला मनापासून वाटतं की तसं करू नये, दिवसाचे पाच-सहा तास त्या कच्च्या रस्त्यावर जातात आणि ग्लेशियरला नुसता हात लावून परत यावं लागतं. शिवाय इथलं हवामान कुणाचं ऐकत नाही, तीन रात्री असतील तर एक दिवस पावसात गेला तरी दुसरा उरतो. त्यात जाताना एक रात्र ग्लेनॲलन किंवा कॉपर सेंटरला, येताना एक मोकळी रात्र अँकरेजला असं धरलं की पूर्ण आठवडा लागतो. आठवडा मिळत नसेल तर दुसरीकडे जा, अलास्कात जागा कमी नाहीत.

महिना कोणता? जूनमध्ये दिवस एकोणीस तासांच्या वर असतो, रात्री अकरालाही उजेड, पण डासही तेव्हाच सगळ्यात जास्त. जुलैत फुलं असतात, गर्दीही असते. ऑगस्टमध्ये पाऊस वाढतो पण डास कमी होतात, आणि महिन्याच्या शेवटी झाडं पिवळी व्हायला लागतात, रात्र परत काळोखी होते त्यामुळे आकाश मोकळं असलं तर नॉर्दर्न लाइट्सही दिसू शकतात. शाळेचं बंधन नसेल तर ऑगस्टचा शेवट घ्या. लहान मुलं असतील तर जुलै बरा.

मॅकार्थीत राहायचं की केनेकॉटला

नवीन माणसाचा गोंधळ होतो कारण नकाशावर दोन्ही चिकटून दिसतात. पूल ओलांडल्यावर मॅकार्थी अर्ध्या मैलाच्या आसपास आहे, सपाट, चालत जाता येतं. केनेकॉट तिथून पुढे साडेचार मैल चढावर, डोंगराच्या कुशीत. उन्हाळ्यात दोन्हीच्या मध्ये शटल व्हॅन फिरतात, पैसे देऊन बसायचं.

केनेकॉट म्हणजे जुनं तांब्याच्या खाणीचं गाव. १९०० साली वरच्या डोंगरात तांबं सापडलं, मग समुद्रकाठच्या कॉर्डोव्हापासून इथपर्यंत १९६ मैलांची रेल्वे टाकली, १९११ मध्ये पहिली गाडी माल घेऊन गेली आणि १९३८ मध्ये खाण बंद करून लोक निघून गेले. चौदा मजली लाल गिरणी अजून डोंगराला टेकून उभी आहे, जिच्यात खनिज वरून खाली येता येता फोडलं, चाळलं, वेगळं केलं जायचं. कंपनीचं गाव असल्यामुळे केनेकॉटला दारू आणि वेश्याव्यवसायावर बंदी होती, म्हणून कामगारांसाठी खाली मॅकार्थी उभं राहिलं. आजही तो फरक जाणवतो. वर शांत, खिडकीतून ग्लेशियर, ट्रेल दारातून सुरू होतो. खाली मातीच्या एका रस्त्यावर चार दुकानं, जेवायच्या जागा, संध्याकाळी गाणी, कुत्री, सायकली.

आई-बाबा बरोबर असतील तर वर केनेकॉटला लॉज घ्या, जेवण तिथेच मिळतं आणि नुसतं व्हरांड्यात बसूनही त्यांचा दिवस सुंदर जातो. तरुण मंडळी असाल, बजेट कमी असेल तर खाली. अगदी कमी पैशात करायचं असेल तर पुलाच्या अलीकडे प्रायव्हेट कॅम्पग्राउंड आहे, तंबू किंवा छोटी कॅम्पर व्हॅन चालते, पण तिथे सोयी साध्या आहेत हे धरूनच जा. बुक करताना तीन गोष्टी विचारून घ्या: टॉयलेट खोलीत आहे की कॉमन (बऱ्याच जागी कॉमनच असतं), जेवण भाड्यात धरलंय का, आणि पुलापासून न्यायला गाडी येते का.

गाडीचा प्रश्न, आणि तो खरंच मोठा आहे

बहुतेक रेंटल कंपन्यांच्या करारात लिहिलेलं असतं की गाडी कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही. काउंटरवरचा माणूस तोंडी काहीही म्हणाला तरी कागदावर काय आहे ते वाचा, कारण मॅकार्थी रोडवर गाडी अडकली तर इन्शुरन्स हात वर करणार आणि टोइंगचं बिल तुमच्या माथी, तेही एवढ्या लांबून बोलावलेल्या टो-ट्रकचं. अँकरेजमध्ये कच्च्या रस्त्याची परवानगी देणाऱ्या थोड्या कंपन्या आहेत, महाग पडतात, लवकर संपतात, पण त्यांच्याकडूनच घ्या आणि मॅकार्थी रोडचं नाव घेऊन लेखी विचारा. फोर-व्हील ड्राइव्ह लागतंच असं नाही, कोरड्या हवेत साध्या गाड्याही जातात, चाकं मात्र चांगली हवीत. पूर्ण साइजचं स्पेअर टायर आहे का ते डिकी उघडून बघा, जॅक आणि पाना पण बघा, आणि घरच्या पार्किंगमध्ये एकदा चाक बदलून बघा कारण तिथे फोनला रेंज नसते.

चाक का म्हणून एवढं? कारण हा रस्ता म्हणजे त्याच जुन्या रेल्वेचा भराव आहे. रूळ काढले पण रुळांचे खिळे मातीत राहिले, ते अजूनही वर येतात.

ज्यांना ही सगळी कटकट नको त्यांच्यासाठी दोन रस्ते. एक, ग्लेनॲलन किंवा जिथे कच्चा रस्ता सुरू होतो त्या चिटिना गावापर्यंत पक्क्या रस्त्यानं जायचं, गाडी तिथे ठेवायची आणि पुढे शटल व्हॅन. दोन, चिटिनाहून छोट्या विमानानं थेट मॅकार्थीच्या धावपट्टीवर. विमान महाग आहे, सामानाला वजनाची मर्यादा असते, पण वरून जे दिसतं ते रस्त्यावरून दिसत नाही. वयस्कर लोकांची पाठ दुखत असेल तर मी विमानच सुचवेन, ते ६० मैल हाडं खिळखिळी करतात.

खायचं काय

रेस्टॉरंटं आहेत आणि चवीला चांगली आहेत, पण मोजकी, वेळा ठरलेल्या, आणि भाव शहरापेक्षा बरेच जास्त, कारण पिठाची पिशवीसुद्धा याच रस्त्यानं येते. मॅकार्थीत 'द पोटॅटो' म्हणून जागा आहे, नावाप्रमाणे बटाट्याचे पदार्थ, व्हेजवाल्यांना तिथे सोय होते. केनेकॉटच्या लॉजमध्ये रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र टेबलावर बसून, आधी सांगितलं तर व्हेज करून देतात, जैन जेवण हवं असेल तर मात्र ईमेलवर नीट समजावून लिहा, नुसतं जैन म्हणून कुणाला कळणार नाही, कांदा-लसूण-बटाटा नको असं एकेक नाव लिहा.

तरी तीन दिवसांचं आपलं आपण नेलेलं बरं. आमच्या घरी ठरलेली यादी: भाजलेले पोहे, तिखटा-मिठाचा चिवडा, मेतकूट, दाण्याचा कूट, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, रेडी-टू-ईट पाकिटं, सांज्याचं कोरडं मिश्रण ज्यात नुसतं उकळतं पाणी घालायचं. उकळतं पाणी लॉजमध्ये कुणीही देतं. बाकी ब्रेड, चीज, फळं अँकरेजला किंवा वाटेत पामर-वसीलाच्या मोठ्या दुकानात घ्या, ग्लेनॲलननंतर काही धरून चालू नका. भारतातून येणाऱ्यांनी खाण्याचे सगळे पदार्थ कस्टम्सला डिक्लेअर करा, ताजी फळं-भाज्या आणू नका.

आणि हे सगळं खाणं अस्वलांना पण आवडतं. तंबूत किंवा ट्रेलवर ठेवलेल्या बॅगेत चिवड्याचं उघडं पाकीट म्हणजे आमंत्रण. कॅम्पिंग करणार असाल तर केनेकॉटच्या व्हिजिटर सेंटरवर खाणं ठेवायचा अस्वलापासून सुरक्षित डबा वापरायला मिळतो, त्यात टूथपेस्ट आणि साबणसुद्धा टाका.

रस्त्याचा दिवस

अँकरेजहून सकाळी निघा, ग्लेन हायवेनं. वाटेत उजव्या हाताला मॅटानुस्का ग्लेशियर दिसतं, थांबा, फोटो काढा. ग्लेनॲलन साधारण १९० मैलांवर. तिथे पोचल्यावर टाकी पूर्ण भरा, कितीही पेट्रोल शिल्लक असलं तरी, कारण पुढे जाऊन परत यायचं अंतर अडीचशे मैलांच्या आसपास जातं. दक्षिणेकडे वळून रिचर्डसन हायवेला कॉपर सेंटरजवळ पार्कचं मुख्य व्हिजिटर सेंटर आहे, तिथे न चुकता थांबा. रस्त्याची आजची अवस्था रेंजरकडून कळते आणि हवा स्वच्छ असेल तर समोर ड्रम, सँफर्ड, रँगल आणि ब्लॅकबर्न ही शिखरं ओळीनं दिसतात, त्यातला ब्लॅकबर्न १६,३९० फूट आणि रँगल तर जिवंत ज्वालामुखी. त्या रात्री इथेच मुक्काम करा.

दुसऱ्या दिवशी एजर्टन हायवेनं चिटिना. चिटिना संपलं की कॉपर नदीवरचा लांब पूल, खाली सॅमन पकडायची फिरती लाकडी चाकं दिसतात, आणि तिथून कच्चा रस्ता सुरू. ताशी ३५ मैलांच्या वर जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी २० पण जास्त वाटेल. अडीच-तीन तास धरा, थांबत गेलात तर चार.

सतराव्या मैलाला कुस्कुलाना नदीवरचा पूल येतो. १९१० सालचा, रेल्वेसाठी बांधलेला, एका वेळी एकच गाडी, नदी २३८ फूट खाली. आता दोन्ही बाजूंना कठडे आहेत, १९८८ पर्यंत नव्हते. अलीकडे गाडी बाजूला लावून समोरून कुणी येत नाहीये ना बघा आणि मग जा. पुढे एकोणतिसाव्या मैलाला गिलाहिनाचा मोडकळीला आलेला लाकडी रेल्वेपूल, १९११ च्या कडाक्याच्या थंडीत आठ दिवसांत उभा केलेला. त्यावर चढायचं नाही, खालूनच बघा.

समोरून स्थानिक माणसाची पिकअप वेगात आली तर बाजू द्या आणि हात करा, तिथे सगळे करतात. पाऊस पडून गेलेला असेल तर रस्ता वॉशबोर्ड होतो, म्हणजे आडव्या लाटा लाटा, तिथे हळू जाणं हाच उपाय.

रस्ता संपतो तिथे केनिकॉट नदी. गाडी पे-पार्किंगला लावा आणि सामान घेऊन पूल ओलांडा. पूर्वी इथे तारेवरची पाळणागाडी होती, हातानं दोर ओढत लोक नदी पार करायचे, पायी पूल १९९७ मध्ये झाला. म्हणून मोठ्या चार सुटकेसा नकोत, पाठीवरच्या बॅगा किंवा छोट्या डफल आणा, जास्तीचं सामान अँकरेजच्या हॉटेलात ठेवून येता येतं. नदीचं पाणी राखाडी, गढूळ दिसेल, ते ग्लेशियरनं दळलेल्या खडकाचं पीठ आहे. पाण्याजवळ मुलांना सोडू नका. वर ग्लेशियरच्या कडेला अडलेलं एक तळं दर उन्हाळ्यात, बहुतेक जुलैत, बर्फाखालून एकदम रिकामं होतं आणि नदी बघता बघता फुगते. स्थानिकांसाठी तो दरवर्षीचा सोहळाच असतो, पण बघायचं ते पुलावरून.

तिथले दिवस कसे लावायचे

पहिल्या संध्याकाळी काही करू नका, गावात फिरा. केनेकॉटहून खाली बघितलं की दरीभर राखाडी ढिगारे दिसतात आणि नवीन माणसाला वाटतं की खाणीचा राडारोडा टाकलाय. तो कचरा नव्हे, ते केनिकॉट ग्लेशियर आहे, वर दगडमातीचा थर, खाली बर्फ. शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोत याच जागी बर्फ इतका उंच दिसतो की पलीकडचा काठ दिसत नाही, आता तो खोल खाली गेलाय. ते फोटो तिथे लावलेले आहेत, मुलांना जरूर दाखवा, हवामानबदल काय ते त्यांना तिथे उभं राहून जसं समजतं तसं शाळेच्या पुस्तकातून समजत नाही.

पहिला पूर्ण दिवस रूट ग्लेशियरसाठी, हवा चांगली असेल तर हेच आधी. केनेकॉटपासून दोन मैल सोपा ट्रेल, मग बर्फ सुरू. ट्रेल कुणीही एकटं जाऊ शकतं, बर्फावर मात्र पहिल्यांदा जाताना गाइड घ्याच घ्या. बुटाला लावायचे क्रॅम्पॉन गाइड देतो, कसं चालायचं ते शिकवतो, पाय सपाट टाकायचा, दोन पायांत अंतर ठेवायचं. निळी पाण्याची डबकी, बर्फातून वाहणारे ओढे आणि ते ओढे जिथे गुडुप होतात ती खोल भोकं, म्हणजे मुलिन, त्यांच्या काठाजवळ जायचं नसतं आणि काठ कुठला पक्का ते गाइडलाच कळतं. अर्ध्या दिवसाचा ट्रेक असतो, शाळेतली मुलं आरामात करतात, साठी ओलांडलेली पण रोज चालणारी माणसंही करतात. घोट्यापर्यंतचे कडक तळाचे बूट हवेत, रनिंग शूजवर क्रॅम्पॉन नीट बसत नाहीत, पण बूट तिथे भाड्यानं मिळतात, बुक करतानाच साइज कळवा.

पावसाचा दिवस आला तर गिरणीची टूर. आत फक्त गाइडबरोबरच जाता येतं, सगळ्यात वरून सुरू करून लाकडी जिन्यांनी मजले उतरत यायचं, साधारण दोन तास. जिने उभे आहेत, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारा. इंजिनिअर मंडळींना तिथून बाहेर काढावं लागतं, एवढं बघण्यासारखं आहे.

पाय दणकट असतील तर बोनान्झा खाणीचा ट्रेक, जाऊन येऊन ९ मैल, चढ ३,८०० फूट, म्हणजे पायथ्यापासून एखादा दांडगा गड चढण्याइतका आणि त्याहून थोडा जास्त. पाणी भरपूर न्या. आणि एखाद्या गोष्टीवर जास्तीचे पैसे खर्च करायचेच असतील तर मॅकार्थीहून छोट्या विमानाची फेरी करा, वरचा 'स्टेअरवे आइसफॉल', म्हणजे सात हजार फुटांचा, पायऱ्यांसारखा खाली उतरलेला बर्फाचा कडा जवळून बघायला मिळतो. हवा बिघडली तर उड्डाण रद्द होतं, म्हणून शेवटच्या दिवशी ठेवू नका.

घरं, केबिन, जुन्या इमारती यातल्या बऱ्याच खासगी मालकीच्या आहेत, फोटोसाठी अंगणात शिरू नका.

अस्वल, डास, दवाखाना

काळी अस्वलं केनेकॉटच्या आसपास नेहमी असतात, जुलैच्या शेवटी झुडपांवर लाल फळं पिकली की ट्रेलच्या काठाला खात बसलेली दिसतात. चालताना बोलत रहा, टाळ्या वाजवा, मुलांना मधे ठेवा. दिसलं तर पळायचं नाही, बोलत बोलत मागे सरकायचं. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर त्याच्यावर मारायचा मिरचीचा फवारा, अँकरेजला घ्या कारण तो विमानात हातातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तो बॅगेच्या तळाशी ठेवू नका, कमरेला लावा.

कपडे थरांचे: आत लोकरीचं किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, त्यावर पावसाचं जॅकेट आणि पँट. बर्फावर जीन्स नको, भिजली की वाळत नाही. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, बर्फावरचा उजेड डोळ्याला लागतो. जूनला डोक्यावर घालायची डासांची जाळी.

सगळ्यात जवळचा दवाखाना ग्लेनॲलनला, मोठं हॉस्पिटल अँकरेजला. आई-बाबांच्या औषधांचा साठा आठवडाभर जास्तीचा ठेवा आणि त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये हवाई मार्गानं हलवण्याचा खर्च धरलाय का ते पॉलिसीत शोधा, नसेल तर वेगळा घ्या. ज्यांना बीपी, हार्टचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना प्रवासाचा नकाशा दाखवूनच विचारावं. फोनला गावात थोडीफार रेंज मिळते, रस्त्यावर नाही, त्यामुळे सॅटेलाइट मेसेंजर भाड्यानं घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा की दोन दिवस मेसेज आला नाही तर घाबरायचं नाही, पण अमुक तारखेला अमुक वेळेपर्यंत आला नाही तर लॉजला फोन करायचा. नकाशे आधीच फोनमध्ये डाउनलोड करा. रोख पैसे थोडे जवळ ठेवा, शटलला वगैरे लागतात.

परत निघताना

सकाळी लवकर निघा, नाश्ता बांधून घ्या. गाडी सुरू करायच्या आधी चारी चाकं खाली वाकून बघा, रात्रीत हळूहळू हवा गेलेली असते कधी कधी. चिटिनाला पोचल्यावर परत एकदा बघा, पक्क्या रस्त्यावर वेग वाढतो तेव्हा अर्धवट चाक धोक्याचं. ग्लेनॲलनला पेट्रोल भरा. त्याच रात्रीचं विमान धरू नका, एक झाड पडलं किंवा एक चाक गेलं की चार तास जातात. अँकरेजला रात्र काढा, गाडी धुऊन द्या कारण चिखलाची गाडी परत दिली तर काही कंपन्या साफसफाईचे पैसे लावतात, आणि उरलेला बेअर स्प्रे हॉटेलच्या डेस्कवर किंवा रेंटल ऑफिसात विचारून देऊन टाका, पुढच्या कुणाला तरी उपयोगी पडतो.